बाराशे माणसांची काउंटी बंद करा म्हणणाऱ्या माझ्या मित्राला

गेल्या ऑक्टोबरमधे आम्ही पाच-सहा मराठी घरं मिळून कॅलिफोर्नियातल्या होप व्हॅलीला गेलो होतो, ॲस्पेनची पिवळी झालेली झाडं बघायला. बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची, आपली मंडळी दरवर्षी जातातच. तिथून पुढे मार्कलीव्हिलला कॉफीसाठी थांबलो. गाव म्हणजे एक रस्ता, चार-दोन दुकानं, मागे सिएरा नेवाडाचे डोंगर, आणि रस्त्याला लागूनच एक बुटकी दगडी इमारत, आल्पाइन काउंटी कोर्टहाउस. आमच्यातल्या एकानं फोनवर लोकसंख्या शोधली, २०२० च्या सेन्ससमधे १,२०४, आणि तो म्हणाला अरे एवढी माणसं तर आमच्या पुण्याच्या सोसायटीत आहेत, यांना वेगळं कोर्ट कशाला, शेरीफ कशाला, पाच-पाच सुपरवायझर कशाला, शेजारच्या काउंटीत टाकून द्या की, टॅक्स आपण भरतो ना. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण तेव्हा गप्प बसलो कारण पोरं दमली होती आणि निघायचं होतं. पण ते गप्प बसणं मला तेव्हापासून टोचतंय, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. काउंटी म्हणजे अंदाजे आपला जिल्हा, फक्त इथे वरून बदली होऊन आलेला कलेक्टर नसतो. कारभार बघणारे पाच सुपरवायझर लोक निवडून देतात, शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख निवडून येतो, सरकारी वकील निवडून येतो, जमिनीची किंमत ठरवणारा असेसरसुद्धा निवडून येतो, आणि प्रत्येक काउंटीला स्वतःचं सुपिरिअर कोर्ट असतं, नाव मोठं असलं तरी ते खटले चालवणारं खालचंच कोर्ट. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत, शेवटची नवी १९०७ साली झाली आणि तेव्हापासून आकडा हललेला नाही. आल्पाइन त्यातली माणसांच्या हिशोबानं सगळ्यात छोटी. जागा मात्र १,९०० चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या तिप्पट. आणि एवढ्या जागेत एकही नगरपालिका नाही, हायस्कूल नाही, मार्कलीव्हिलच्या बाजूची मुलं हायस्कूलला राज्याची हद्द ओलांडून नेवाडात जातात. आपल्याकडे एवढ्या वस्तीला सात सदस्यांची ग्रामपंचायत मिळाली असती, बाकी सगळ्यासाठी तालुक्याला जा नाहीतर जिल्ह्याला जा. त्यामुळे मित्राला हे विचित्र वाटलं ते मी समजू शकतो.

ही काउंटी झाली १८६४ साली, चांदीच्या नादात. डोंगरात चांदी सापडली म्हणून माणसं धावली, सिल्व्हर माउंटन सिटी नावाचं गाव उभं राहिलं, तेच काउंटीचं ठाणं, म्हणजे मुख्यालय. चांदी काही टिकली नाही. १८७० च्या सेन्ससपर्यंत काउंटीत सातशेच्याही खाली माणसं उरली होती, १८७५ मधे ठाणं मार्कलीव्हिलला हलवलं, आणि सिल्व्हर माउंटन सिटीच्या जागी आज पडक्या दगडी जेलच्या भिंतींशिवाय बघण्यासारखं फारसं काही नाही. सध्याचं कोर्ट बांधलं १९२८ साली. रीनोचा फ्रेडरिक डेलॉन्गशां म्हणून आर्किटेक्ट होता, नेवाडातली कितीतरी कोर्टं त्याच्या हातची आहेत, त्यानं आराखडा केला, दगड जवळपासचाच. आता यात मला थांबायला लावणारी गोष्ट कोणती, तर १९३० च्या सेन्ससमधे आख्ख्या काउंटीची लोकसंख्या होती २४१. दोनशे एक्केचाळीस माणसं! त्यांनी दगडाचं कोर्ट बांधलं. लाकडाचं शेड घालूनही भागलं असतं. ज्या लोकांच्या डोळ्यांसमोर शेजारचं गाव ओस पडलं होतं त्यांनी ठरवलं की आम्ही इथून जाणार नाही आणि आमचं सरकार पण इथून जाणार नाही.

आता मित्राचा मुद्दा. तो खोटा नाही, तो मी नीट मांडतो. काउंटी कितीही छोटी असली तरी काही खर्च ठरलेलेच असतात. एक शेरीफ लागणार, एक क्लार्क लागणार, निवडणूक घ्यावी लागणार, ऑडिट करावं लागणार. हा खर्च दहा लाखांत वाटला तर जाणवत नाही, बाराशेंत वाटला तर माणशी आकडा प्रचंड दिसतो. कोर्टाचं तर अजूनच. आल्पाइनला सुपिरिअर कोर्टाचे दोन जज आहेत, म्हणजे सहाशे माणसांमागे एक जज, आणि १९९७ च्या कायद्यापासून ट्रायल कोर्टांचा पैसा काउंटीऐवजी राज्याच्या तिजोरीतून येतो, म्हणजे खरोखरच तुमच्या-माझ्या टॅक्समधून. नंतर २००२ च्या कायद्यानं कोर्टाच्या इमारतींची जबाबदारीही राज्याकडे गेली. राज्यानं मधे नव्या कोर्टांच्या यादीत मार्कलीव्हिलचं नाव घातलं होतं, मग मंदीत पैसा आटला आणि २०११ मधे आल्पाइन आणि सिएरा या दोन सगळ्यात छोट्या काउंट्यांचे प्रोजेक्ट रद्द झाले. थोडक्या लोकांसाठी एवढा पैसा नको, असाच विचार. म्हणजे माझा मित्र एकटा नाहीये, राज्याच्या राजधानीतले, सॅक्रामेंटोतले हिशोबनीस पण त्याच्याच बाजूचे.

पण हा भागाकारच चुकलाय असं माझं म्हणणं आहे, कारण भागताना खाली जो आकडा घेतलाय तो चुकीचा आहे. आल्पाइनची ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन सरकारी आहे, बहुतेक फेडरल जंगल. त्या जमिनीवर काउंटीला प्रॉपर्टी टॅक्स लावता येत नाही. १९७६ च्या कायद्याप्रमाणे केंद्राकडून त्याच्या बदल्यात थोडे पैसे येतात, पण ते किती यायचे हे वॉशिंग्टनमधल्या बजेटवर. आणि त्या जंगलात जातो कोण? आपण. कर्कवुडला आणि बेअर व्हॅलीला स्कीइंगला आपण, होप व्हॅलीला फोटो काढायला आपण, कार्सन पासला ट्रेकला आपण. ट्रेकवर कोणाचा पाय मोडला, बर्फात कोणाची गाडी घसरली, कोणी रात्रीपर्यंत परत आलं नाही, की फोन जातो आल्पाइनच्या शेरीफला, शोधायला बाहेर पडतात ती तिथलीच माणसं, कितीतरी स्वयंसेवक म्हणून. बाराशे माणसं जे घर सांभाळतात ते त्यांच्या एकट्यांचं नाहीच आहे. वाड्याचा खर्च वाड्यात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या काकूंच्या नावावर टाकायचा आणि मग म्हणायचं काकू फार खर्चिक आहेत, तसला हा प्रकार झाला.

आणि पाण्याचं तर कोणाच्या लक्षातच येत नाही. मोकेलमी नदीचा उत्तरेकडचा फाटा आल्पाइनमधल्या हायलंड लेक्सपाशी उगम पावतो. त्याच नदीचं पाणी पाइपातून ओकलंडला, बर्कलीला, सॅन रॅमोनच्या बऱ्याच भागाला येतं. आमच्या त्या ट्रिपमधली दोन घरं सॅन रॅमोनची होती. त्यांच्या नळाला येणारं पाणी ज्या डोंगरातून सुरू होतं तिथे कोणी राहायचं की नाही, तिथला रस्ता कोणी बघायचा, आगीवर नजर कोणी ठेवायची, हा त्यांचा पण प्रश्न आहे.

आगीचा विषय निघालाच आहे तर टॅमरॅक फायर. ४ जुलै २०२१ ला वीज पडून मार्कलीव्हिलजवळच्या डोंगरावर एक छोटी आग लागली. केंद्राच्या जंगल खात्यानं, फॉरेस्ट सर्व्हिसनं, ठरवलं की जागा खडकाळ आहे, पोचायला अवघड आहे, आग पसरणार नाही, नजर ठेवू. १६ जुलैला वारा सुटला आणि ती भडकली. मार्कलीव्हिल रिकामं करावं लागलं, दुसऱ्या दिवशीची मोठी सायकल राइड रद्द झाली, घरं गेली, आग नेवाडात घुसली, शेवटी ६८ हजार एकरांच्या वर जळलं. कोर्ट आणि गावाचा मधला भाग वाचला. तेव्हा वेळीच का विझवली नाही म्हणून जाहीरपणे जाब विचारणाऱ्यांत आल्पाइनचे सुपरवायझर होते, आणि इतरही ठिकाणांहून ओरड झाल्यावर ऑगस्टच्या सुरुवातीला फॉरेस्ट सर्व्हिसच्या प्रमुखांनी देशभरासाठी सांगितलं की या सीझनमधे आगी नुसत्या बघत बसायच्या नाहीत. आता विचार करा, ही काउंटीच नसती, हा भाग दुसऱ्या एखाद्या मोठ्या काउंटीचं टोक असता, तर तिथल्या पाच सुपरवायझरांपैकी जेमतेम एकाच्या मतदारसंघाच्या एका कोपऱ्यात मार्कलीव्हिल बसलं असतं. फेडरल खात्याशी भांडायला लेटरहेड लागतं, ठराव लागतो, पद लागतं. नुसत्या बाराशे नागरिकांच्या सहीला कोण विचारतंय.

लॉस एंजेलिस काउंटीचं उदाहरण मुद्दाम देतो. तिथे एक कोटी माणसं आणि सुपरवायझर तेवढेच, पाच. म्हणजे एकामागे वीस लाख. आल्पाइनमधे एकामागे दोनशे चाळीस. लॉस एंजेलिसचा हिशोब स्वस्त आहे यात शंकाच नाही, पण तिथल्या मतदारांनी २०२४ मधे स्वतःच मत देऊन ठरवलं की पाच पुरत नाहीत, नऊ करा. स्वस्त पडणारं सरकार त्यांनाच नकोसं झालं. वीस लाखांत एक म्हटल्यावर भेटणार कुठे आणि बोलणार कधी?

अंतराचं आपल्याला, महाराष्ट्रातल्यांना, वेगळं सांगायला नको खरं तर. माझं आजोळ जव्हारचं. जिल्हा तेव्हा ठाणे. मामाला जिल्ह्याला काम असलं की पहाटेची एसटी, सोबत भाकरी बांधून घेतलेली, आणि साहेब मिटिंगला गेले असले की मुक्काम नाहीतर परत फेरी. एक सही आणायला दोन मजुऱ्या बुडायच्या. २०१४ मधे पालघर वेगळा जिल्हा झाला त्याच्या मागे अशा हजारो मामांच्या फेऱ्या होत्या. १९६० ला आपण २६ जिल्ह्यांनी सुरुवात केली, आज ३६ आहेत, आणि अजूनही मागण्या चालूच आहेत. म्हणजे जे आपण तिकडे भांडून मागतो तेच इकडे दुसऱ्याचं काढून घ्या म्हणतो, फक्त माणसं कमी आहेत म्हणून. मला हे पटत नाही.

आल्पाइन मोडून कुठे टाकणार तेही बघा. एल डोराडोत टाकलं तर ठाणं प्लेसरव्हिल, अमाडोरमधे टाकलं तर जॅक्सन, मोनोत टाकलं तर ब्रिजपोर्ट. पहिल्या दोन्ही ठिकाणी डोंगराची रांग ओलांडून जायचं, एका बाजूनं दीड-दोन तास, बर्फ पडत असेल तर विचारूच नका. ब्रिजपोर्टला जवळचा रस्ता मॉनिटर पासवरून, तो हिवाळ्यात बंद. आत्ताच बघा ना, एबेट्स पास बंद झाला की बेअर व्हॅलीच्या माणसाला स्वतःच्याच काउंटीच्या ठाण्याला यायला दुसऱ्या काउंट्यांमधून लांबचा वळसा घालावा लागतो. वुडफर्ड्सजवळ वाशो जमातीची हंग-अ-लेल-टी वस्ती आहे, हा मुलूख चांदीवाल्यांच्या कितीतरी आधीपासून त्यांचा. त्यांनी फॅमिली कोर्टाच्या तारखेला प्लेसरव्हिलला जायचं का? गाडी नसेल तर? तारीख चुकली की गैरहजेरीतच निकाल लागू शकतो, आणि हा जाण्यायेण्याचा खर्च राज्याच्या कुठल्याही बजेटमधे दिसत नाही कारण तो त्या माणसाच्या खिशातून जातो. काउंट्या जोडून पैसे वाचले असं जेव्हा म्हणतात तेव्हा त्यातले किती खरंच वाचले आणि किती नुसते लोकांच्या पेट्रोलमधे सरकवले हे कोणी मोजतच नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी मुळात हे लिहायला बसलो ती.

आल्पाइनच्या दक्षिणेला मोनो काउंटीत मोनो लेक म्हणून खाऱ्या पाण्याचं मोठं तळं आहे. १९४१ पासून लॉस एंजेलिस शहरानं त्या तळ्याला येणारे ओढे वळवून पाणी साडेतीनशे मैलांवर आपल्याकडे न्यायला सुरुवात केली. रीतसर परवाने होते. चाळीस वर्षांत तळं चाळीस फुटांपेक्षा जास्त खाली गेलं, खारटपणा दुप्पट झाला, पक्षी जिथे अंडी घालायचे त्या बेटापर्यंत जमीन उघडी पडली आणि कोल्ह्यासारखे कोयोटी चालत जायला लागले. १९७९ मधे पक्ष्यांसाठी काम करणारी ऑड्युबन सोसायटी आणि तळ्यासाठी झगडणाऱ्या लोकांनी केस टाकली, मोनो काउंटीत. पण मोनोची माणसं आणि लॉस एंजेलिस शहर यांच्या भांडणात मोनोचं कोर्ट तटस्थ कसं म्हणायचं, आणि लॉस एंजेलिसचं तर नाहीच नाही, म्हणून केस तिसऱ्याच काउंटीत गेली. ती काउंटी आल्पाइन. देशातल्या सगळ्यात बलाढ्य पाणी खात्यांपैकी एकाच्या वकिलांना या छोट्याशा गावातल्या कोर्टापुढे उभं राहावं लागलं.

इथे मला प्रामाणिक राहायला हवं. आल्पाइनच्या कोर्टानं तळ्याच्या बाजूनं निकाल दिला नाही. तळ्यावर जनतेचा हक्क आहे म्हणून शहराच्या परवान्याला धक्का लागत नाही असंच तिथे ठरलं, आणि त्याविरुद्ध लोक राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेले. १७ फेब्रुवारी १९८३ ला तिथे जस्टिस ॲलन ब्रुसार्ड यांनी लिहिलेल्या निकालानं ते फिरवलं आणि सांगितलं की नद्या-तळी ही सरकारकडे जनतेच्या वतीनं ठेवलेली ठेव आहे, एकदा परवाना दिला म्हणजे सरकारची जबाबदारी संपली असं होत नाही, परत परत बघावं लागतं. वरच्या कोर्टानं खालच्या कोर्टाला आदेश द्यायचा असल्यामुळे केसचं नावच पडलं नॅशनल ऑड्युबन सोसायटी विरुद्ध सुपिरिअर कोर्ट ऑफ आल्पाइन काउंटी. तेव्हा काउंटीत हजार-अकराशे माणसं होती. छोटं कोर्ट म्हणजे महान न्याय, असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतोय की दोन बलवान बाजूंच्या भांडणात उभं राहायला तिसरी, कोणाच्याच ताब्यात नसलेली जागा लागते, आणि राज्यात अशा ५८ वेगवेगळ्या जागा आहेत म्हणून ती मिळाली. सगळं मोठ्या शहरांकडे सरकवलं की ही जागा उरत नाही.

आणि ते नाव पुढे कुठे पोचलं बघा. भारतात ब्यास नदीच्या काठी एका रिसॉर्टनं नदीचा प्रवाहच वळवायचा उद्योग केला होता, त्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ केसमधे डिसेंबर १९९६ ला आपल्या सुप्रीम कोर्टानं जनतेच्या ठेवीचं हे तत्त्व भारताच्या कायद्यात आणलं, आणि आणताना मोनो लेकच्या निकालातले उतारेच्या उतारे घेतले. आल्पाइन काउंटी हे नाव त्या निकालात छापलेलं आहे. पुढे गोव्यात वायंगिणीच्या समुद्रकिनाऱ्यावर लोकांच्या जायच्या वाटेच्या खटल्यात २००९ मधे सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा याच तत्त्वावर गावकऱ्यांची वाट मोकळी राहिली. मी मित्राला हेच सांगायला हवं होतं त्या दिवशी कॉफी पिताना, की ही जी बुटकी दगडी इमारत तू फालतू खर्च म्हणतोयस तिचं नाव आपल्या गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचलंय.

छोट्या सरकारचे दोष मला दिसत नाहीत असं नाही. सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे ज्याला दंड करायचा तो मेव्हण्याचा दोस्त निघतो. पदांना उमेदवार मिळत नाहीत, एकच माणूस वर्षानुवर्षं बिनविरोध. ज्युरीसाठी बारा तटस्थ माणसं शोधायची म्हणजे परीक्षाच. आणि थोडी माणसं आली तरी सत्ता बदलू शकते. १९७० मधे लोकसंख्या ४८४ होती तेव्हा लॉस एंजेलिसच्या गे चळवळीतल्या काही जणांनी जाहीर केलं की आम्ही काही शे लोक तिथे राहायला जाऊ आणि मतदानानं काउंटी ताब्यात घेऊ. ते प्रत्यक्षात झालं नाही, पण गावात जी घबराट उडाली आणि जे बोललं गेलं ते चांगलं नव्हतं, ते झाकायचं कारण नाही. कायद्यानं राहायला येणाऱ्याला अडवता येत नाही आणि येऊ पण नये. पण हे दोष मोठ्या काउंटीतही असतातच, तिथे मेव्हण्याच्या जागी बिल्डर असतो एवढंच. मी स्वतः एका मोठ्या शहरात ज्युरी ड्युटीला गेलोय, शेकडो माणसांच्या हॉलमधे दिवसभर बसून संध्याकाळी घरी, कोणाची केस होती तेही कळलं नाही. मार्कलीव्हिलमधे जजला निकाल दिल्यावर त्याच दुकानात दूध आणायला जायचं असतं. त्यानं दडपण येतं हे खरं, पण उत्तर द्यावं लागतं हेही तितकंच खरं.

मग करायचं काय? जे लोकांना दिसत नाही ते खुशाल एकत्र करा. पगारपत्रक, कॉम्प्युटर, ऑडिट, खरेदी, विमा, यासाठी पाच डोंगरी काउंट्यांनी मिळून एक ऑफिस चालवावं, माझी काही हरकत नाही. दोन जजना पुरेसं काम नसेल तर जिथे केसेस तुंबल्यात तिथे त्यांना पाठवा, चीफ जस्टिसना तो अधिकार आहे आणि छोट्या काउंट्यांचे जज जातातही. बारीकसारीक तारखा व्हिडिओवर घ्या. पण दार बंद करू नका. जिथे माणूस चालत येऊन कागद देतो, उलट प्रश्न विचारतो, भांडतो, ते टेबल मार्कलीव्हिलमधेच राहू दे. आणि म्युझियम तर करूच नका. जुनी इमारत आहे म्हणून आत फोटो लावायचे आणि कोर्ट हलवायचं डोंगरापलीकडच्या काचेच्या बिल्डिंगमधे, ही कल्पना मला फार धोक्याची वाटते कारण ती ऐकायला इतकी गोड आहे की लोक टाळ्या वाजवत हो म्हणतील. १९२८ ची इमारत म्हटल्यावर व्हीलचेअरची सोय, आरोपींना वेगळी वाट, आगीपासून संरक्षण, हे सगळं करायला पैसा लागेल. तो राज्यानं द्यावा, २०११ मधे वाचवलेला सगळा नको, त्यातला थोडा. आणि कितीही हिशोब मांडले तरी कॅलिफोर्नियाच्या घटनेप्रमाणे दोन काउंट्या जोडायच्या तर दोन्हीकडच्या मतदारांचं बहुमत लागतं. आल्पाइनमधे मतदान सगळं पोस्टानं होतं आणि राज्यात सगळ्यात जास्त टक्केवारी असणाऱ्या काउंट्यांत तिचं नाव असतं, तेव्हा ते काय उत्तर देतील याचा अंदाज मला आहे.

मोनो लेकची पातळी १९९४ मधे ठरवून दिली होती, ६,३९२ फूट. तळं अजून तिथवर आलेलं नाही, लोक अजून मागे लागलेत.

येत्या ऑक्टोबरला मित्राला परत घेऊन जाणार आहे, या वेळी शनिवार-रविवार नको, सुट्टी काढून सुपरवायझरांच्या मिटिंगचा दिवस धरून. १९५३ च्या ब्राउन ॲक्टमुळे ती मिटिंग सगळ्यांना उघडी असते, बाहेरगावच्या माणसालाही दोन-तीन मिनिटं बोलता येतं. त्याला तिथे उभं राहून म्हणू दे की तुमची काउंटी बंद करा. तो सॅन रॅमोनला राहतो हेही सांगू दे. मग हायलंड लेक्सच्या बाजूचे जे कोणी सुपरवायझर असतील ते काय म्हणतात ते आपण ऐकू.